एकोणीस दिवसांची आंघोळ

सन्माननीय मेहुणेसाहेबांस,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतला होता, पण गेल्या तीन आठवड्यांत बाथरूमच्या फरशीवर इतक्या वेळा आडवा झालो आहे की आता त्या शब्दाचीच धास्ती वाटते. तूर्त उभ्याउभ्याच नमस्कार घ्यावा. (कंबर सरळ झाली की उरलेली अंगं मागाहून पाठवीन.) तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनींचा खोकला? गॅलरीतल्या ज्या कुंडीला तुम्ही रोज सकाळी पाणी घालता आणि तुम्ही विसरला असाल असं धरून वहिनी रोज दुपारी पुन्हा घालतात, ती कुंडी अजून तग धरून आहे का? तुम्ही सगळे कुशल असाल याची मला खात्रीच आहे, कारण तुमच्याकडचं पाणी चांगलं आहे. ज्याच्या नळाला चांगलं पाणी येतं त्यानं कुशल राहण्यात स्वतःचं असं काय कर्तृत्व असतं, हा माझा जुना प्रश्न आहे, पण तो आज नको.

पत्राचं कारण अगदी साधं आहे. तुमची बहीण एकोणीस दिवसांपूर्वी, मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता, "मी दादाकडे जाऊन आंघोळ करून येते" असं सांगून घराबाहेर पडली. तुमचं घर बसने साडेचार तासांवर आहे. जायला साडेचार, यायला साडेचार आणि मध्ये आंघोळीला, अगदी केस धुवायचे धरले तरी, एक तास. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला ती दारात असायला हवी होती. मी त्या बेतानं दोघांचा भातसुद्धा लावला होता. आज एकोणिसावा दिवस. माझ्या गणितात कुठे चूक होत असेल तर दाखवून द्यावी, मी निवृत्त असलो तरी चूक सुधारायला तयार असतो. आठव्या दिवशी मी तुम्हाला चौकशीचा निरोप पाठवला, त्यावर तुमचं उत्तर आलं : "इकडे सर्व ठीक. काळजी नसावी." पाच शब्द! काळजी कुणी करू नये, कुणाची करू नये आणि किती दिवस करू नये, हे सांगायला अजून पाच-सहा शब्द लागले असते, पण तुम्ही आयुष्यभर काटकसरीनं राहिलेले गृहस्थ. असो.

गैरसमज नको. हे पत्र बोलावणं नव्हे. मी कुणाला बोलावत नाही, आणि कुणाचं माझ्यावाचून अडलं नाही तर माझंही कुणावाचून अडत नाही. फक्त तुमच्या बहिणीनं तिकडे आल्यावर तुम्हाला सगळी हकीकत सांगितली असेल (किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच सांगितली नसेल, आणि तुम्ही सगळे मिळून तर्क करत बसला असाल), म्हणून दुसरी बाजूही तुमच्यापुढे असावी, एवढाच हेतू. एकाच निरीक्षणावरून अनुमान काढू नये हे मी तेहतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवताना मुलांना बजावत आलो. मुलांनी ऐकलं नाही. तुम्ही ऐकाल.

आमच्याकडचं पाणी तुम्ही पाहिलं आहे, पण त्याच्याबरोबर राहिलेला नाहीत. दिसायला स्वच्छ, वागायला महाकठीण. बादलीला आतून पांढरी कड, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी, काचेचा पेला धुवून ठेवला तर तो न धुतल्यासारखा दिसतो आणि न धुता ठेवला तरी तसाच दिसतो, त्यामुळे माझ्या मते धुण्यात अर्थ नाही. (या मताला घरात पाठिंबा मिळाला नाही.) साबणाचा फेस म्हणाल तर तो जाहिरातीत बघायचा. तुमच्याकडे आलं की मी एकदा साबण लावतो आणि अर्धा तास तो निघतच नाही, अंग आपलं बुळबुळीतच. माणसानं आंघोळीतून कधीतरी बाहेर पडावं की नाही? आमच्याकडे ती सोय आहे. साबण लावला काय, न लावला काय, तीन तांब्यांत माणूस मोकळा. पण तुमच्या घराण्याला त्या बुळबुळीत पाण्याचीच सवय, त्याला मी काय करणार.

तर अशा पाण्यात गिझर ठेवायचा म्हणजे त्याची काळजी घ्यावी लागते, हे मला कुणी सांगायला नको. नववीच्या पुस्तकात 'दुष्फेन पाणी' नावाचा धडा होता, तो मी तेहतीस वेळा शिकवला आहे. पाणी तापलं की त्यातले क्षार खाली बसतात, थर जमतो, थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, वीज जास्त जळते, पाणी कमी तापतं. फळ्यावर आकृती काढून, रंगीत खडूनं थर दाखवून मी हे शिकवत असे. शिक्षणाधिकारी वर्गात आले की मी मुद्दाम हाच धडा घेई. आता तुम्ही विचाराल की मग सात वर्षांत एकदाही गिझर उघडून का पाहिला नाही. हा प्रश्न तुमच्या बहिणीचाही होता. त्यावर माझं उत्तर असं की ज्याला आत काय चाललंय ते आधीच ठाऊक आहे, त्यानं उघडून बघायचं कशाला? डॉक्टर काय रोज स्वतःचं पोट उघडून बघतो?

दोन वर्षांपूर्वी गिझर बोलायला लागला. बटण दाबलं की पाच मिनिटांनी आतून तडतड, मग गुडगुड, मग कुणी डब्यात गोटे घालून हलवावेत तसा आवाज. तुमची बहीण प्रत्येक वेळी टॉवेल हातात धरून बाथरूमच्या दाराशी थबकायची आणि म्हणायची, "आवाज येतोय." मी पेपरातून डोकं वर न काढता सांगायचो की थराखाली वाफेचे बुडबुडे अडकतात आणि फुटतात, त्याचा आवाज आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही. ती म्हणायची, म्हणजे थर आहे. मी म्हणायचो, अर्थातच आहे. ती म्हणायची, मग काढून घेऊ या. इथे आमचा संवाद दर वेळी संपायचा, कारण एखाद्या गोष्टीचं कारण समजलं की माझ्या लेखी प्रश्न सुटलेला असतो, आणि तिच्या लेखी तिथून सुरू होतो. (पस्तीस वर्षांच्या संसारात हा एकच मतभेद आहे, फक्त तो निरनिराळ्या वस्तूंवरून होतो.) पुढे पाणी तापायला दहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं लागू लागली, तेव्हा मी तिला वीस मिनिटं आधी उठायला सुचवलं. ती उठूही लागली. तेव्हा तिनं काही म्हटलं नाही, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

शेवटी ज्या सोमवारी पाणी कोमटच्या वर जायलाच तयार होईना, त्या दिवशी तुम्ही फोनवर मला सांगितलंत, "अहो, माणूस बोलवा." तुमचा सल्ला नेहमीप्रमाणे थोडक्यात आणि चुकीच्या वेळी आला. शेजारी कुणाचा मिक्सर बिघडला तरी लोक मला विचारायला येतात, आणि मी स्वतःच्या गिझरसाठी माणूस बोलवू? मी जाहीर केलं की मंगळवारी सकाळी सात वाजता मी स्वतः गिझर उघडणार आहे. तुमच्या बहिणीनं फक्त मेन स्विच बंद करायची आठवण केली. तो मी करणारच होतो.

मंगळवारी टाकी रिकामी करायला घेतली. पंचवीस लिटर पाणी म्हणजे किती, हे तुम्हाला कागदावर कळणार नाही, ते पायावर घ्यावं लागतं. मी खालच्या नळीखाली बादली ठेवली होती. बादली पंधरा लिटरची होती. (वजाबाकी मला येते. फक्त ती मी बादली भरल्यावर केली.) उरलेल्या पाण्याबरोबर सात वर्षांचे पांढरे पापुद्रे आले, ते मोरीच्या जाळीवर जाऊन बसले, मोरी तुंबली आणि पाणी उंबरठा ओलांडून फिरायला निघालं. तुमची बहीण ते पुसत होती आणि मी तिला पापुद्रे दाखवून कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे हेच, खडूही त्याचाच असतो वगैरे सांगत होतो. माहिती चांगली होती. तिचं लक्ष नव्हतं.

मग खालचं झाकण उघडून तापवायची कॉइल बाहेर काढली. मेहुणे, ती कॉइल नव्हतीच! मनगटाएवढं जाड पांढरं लाकूड असावं तसं काहीतरी हातात आलं. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं तर सव्वादोन किलो. तिच्याशेजारी एक गंजकी, कुरतडलेली काडी लटकत होती, ती कचरा समजून मी टाकून दिली. या काडीबद्दल पुढे येईल. आता कॉइलवरचा थर काढायचा तर आम्ल हवं. सभ्य माणसं यासाठी लिंबाचं सत्त्व नाहीतर व्हिनेगर वापरतात आणि रात्रभर वाट बघतात. माझ्याकडे रात्र नव्हती, कारण तुमच्या बहिणीला दहा वाजता तिच्या मैत्रिणीकडे जायचं होतं आणि मी तिला साडेनऊला गरम पाणी देतो असा शब्द दिला होता. म्हणून मी फरशी धुवायचं ॲसिड घेतलं. आणि कॉइल मावेल असं भांडं हवं म्हणून ओट्यावरचा कुकर घेतला.

फेस काय सुंदर आला! प्रयोगशाळेतसुद्धा असा कधी आला नव्हता. थर विरघळत होता, कॉइल चकाकत होती, मी खिडकी उघडून तिथेच उभा राहून बघत होतो. कॉइल निघाली तरी फेस थांबेना, तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. ॲल्युमिनियमवर आम्लाची क्रिया होऊन हायड्रोजन मुक्त होतो, हा धडा दहावीला. कुकर ॲल्युमिनियमचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं स्टीलचा. पस्तीस वर्षं ज्या कुकरमधलं जेवलो तो कशाचा आहे हे न कळण्याइतकं माझं जेवणावर लक्ष असतं, हा खरं तर स्वयंपाकाचा गौरव आहे, पण तो त्या वेळी बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. तुमच्या बहिणीनं कुकर उजेडाकडे धरला. बुडातून उजेड दिसत होता. तिनं तो पालथा करून कोपऱ्यात ठेवला आणि परत फडकं हातात घेतलं.

इतक्यात खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब वर आले. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती आणि तिचा आकार वाढत होता. मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि सगळा प्रकार शास्त्रीय पद्धतीनं समजावून सांगू लागलो. (त्यांना छताबद्दल बोलायचं होतं. पण समोर ऐकणारा माणूस बसला की मला थांबता येत नाही, हा व्यवसायाचा दोष.) बोलताबोलता मी कॉइल बसवली, झाकण आवळलं, मेन स्विच लावला, आणि आता हे बटण दाबल्यावर काय होईल ते नीट पाहा, असं म्हणून स्विचकडे हात नेला. तेव्हा तुमची बहीण मागून म्हणाली, "आधी गरम पाण्याचा नळ सोडून बघा. टाकीत पाणी भरलंय का?"

आता मी जे लिहितो आहे ते तिनं तुम्हाला सांगितलं नसणार, कारण तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हात वर केला आणि वर्गात म्हणायचो तसंच म्हणालो, "शंका शेवटी."

वकीलसाहेब हसले. मी बटण दाबलं. पाणी सोडायचा वरचा कॉक बंदच होता, टाकीत थेंबभर पाणी नव्हतं. आधी एक बारीक करकर, मग फट्, मग असा वास की वकीलसाहेब छत विसरून जिन्यानं खाली पळाले. नवी कोरी दिसणारी कॉइल कोरडी तापून फुटली होती. धूर निवळल्यावर मी वळून पाहिलं तर तुमची बहीण तिथे नव्हती. आतल्या खोलीत बॅग भरत होती. मैत्रिणीला फोन करून येत नाही म्हणून कळवलं, आणि मग मला ते आंघोळीचं वाक्य सांगितलं. आवाज चढवून नाही, बाजारात जाऊन येते इतक्या सहज. मी म्हटलं, ठीक आहे. दुसरं काय म्हणायचं ते तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर सुचलं तेव्हा बस सुटली होती.

त्यानंतर माझं उत्तम चाललं आहे. थंड पाण्याच्या आंघोळीचे फायदे इतके आहेत की गिझर ही वस्तू मुळात कुणी शोधली याचं आश्चर्य वाटतं. रक्ताभिसरण सुधारतं, सुस्ती जाते, आणि आंघोळ दीड मिनिटात उरकत असल्यामुळे दिवस फार मोठा होतो. इतका मोठा की दुपारी चार वाजता मला वाटतं संध्याकाळ झाली. मी घड्याळाचा सेल बदलून पाहिला. मी पातेल्यात भात करतो, तो कधी कच्चा, कधी करपलेला, पण विविधता आहे. पहिल्या आठवड्यात माझा अंदाज दोघांचाच होत होता, आता बरोबर एकाचा होतो. सकाळी पेपर वाचताना मी एकदा मोठ्यानं एक बातमी वाचून दाखवली. खोलीत कुणी नव्हतं. बातमीही तशी खास नव्हती. वकीलसाहेब रोज जिन्यात भेटतात आणि "वहिनी कधी येणार?" म्हणून विचारतात, मी सांगतो, आंघोळ झाली की. त्यांना हा विनोद वाटतो.

दहाव्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं. (केवळ छताची ओल वाढू नये म्हणून. तुमच्या सल्ल्याशी त्याचा संबंध नाही.) पन्नाशीचा, जाडजूड, मोजकं बोलणारा गृहस्थ. त्यानं गिझर पाहिला, कोपऱ्यातला कुकर पाहिला, मला पाहिलं, आणि तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळवल्या असाव्यात, कारण त्यानं काही विचारलं नाही. टाकीत हात घालून म्हणाला, "यातली काडी कुठाय?" मी कचरा म्हणून टाकलेली ती काडी मॅग्नेशियमची होती म्हणे. ती मुद्दाम आत ठेवलेली असते. पाण्याचा मार ती स्वतःवर घेते, झिजत जाते, आणि ती झिजते म्हणून टाकी गंजत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदलायची, कारण ती संपली की टाकीला भोक पडतं. मेहुणे, तुमच्यासारख्या माणसाला या काडीत लगेच काहीतरी बोध दिसेल, आणि तुम्ही तो वहिनींना वाचून दाखवाल. कृपया दिसू देऊ नका. हा धातुशास्त्राचा साधा नियम आहे, जास्त क्रियाशील धातू कमी क्रियाशील धातूला वाचवतो, इतकंच. मी तो दहावीला शिकवायचो. त्या दिवशी मात्र मला तो जरा लांबलचक वाटला.

मग त्यानं विचारलं, गिझर किती वर्षं उघडला नव्हता? मी म्हटलं, सात. तो म्हणाला, या पाण्यात दर वर्षी उघडायला हवा, थर काढायला हवा, आणि तापमान साठच्या पुढे ठेवायचं नाही म्हणजे थर कमी धरतो. मी ते ऐंशीवर ठेवलं होतं. मग पाना पुसता पुसता, अगदी सहज म्हणाला, "घरात कोणी सांगितलं नाही का, सर?" मी म्हटलं, नाही. आणि चहा ठेवायला आत गेलो.

तर हे असं आहे. सामान मिळालं की तो गिझर बसवेल, घाई कुणालाच नाही. तुमच्या बहिणीला तिकडच्या पाण्यात आनंद वाटत असेल तर तिनं खुशाल राहावं, महिनाभर राहावं, केस धुवावेत, वाळवावेत, पुन्हा धुवावेत. माझ्याकडून कसलीही आडकाठी नाही. आपल्यातल्या नात्याला अशा किरकोळ गोष्टींनी बाधा येत नसते, हे तुम्ही जाणताच. वहिनींना नमस्कार, कुंडीला माझी सहानुभूती.

लोभ आहेच, तो वाढवण्याची विनंती करत नाही. माझ्या वाटणीचा बराचसा तूर्त तुमच्याच घरी मुक्कामाला आहे.

आपला,
(अजून तरी) मेहुणा

ता. क. : कुकर तीन लिटरचा होता की पाच? दुकानात उभा राहिलो, पण दुकानदारानं विचारल्यावर सांगता येईना. तो म्हणाला, घरी विचारून या. म्हणून तुम्हाला विचारतो आहे. झाकण बाहेरून बसणारं होतं की आतून, तेही कळवा. स्टीलचा घेऊ का, हे मात्र तुम्ही ठरवू नका, ते तिला विचारा.

ता. क. दुसरा : वर सामान मिळालं की बसवेल असं लिहिलं आहे ते तितकंसं खरं नाही. मेकॅनिकच्या गाडीत सगळं सामान होतं. गिझर त्याच संध्याकाळी दुरुस्त झाला. नवी कॉइल, नवी काडी, तापमान पंचावन्नवर. आज नऊ दिवस झाले. मी अजून बटण दाबलेलं नाही. थंड पाण्याबद्दल जे लिहिलं ते सगळं खोटं आहे, मला सर्दी झाली आहे. पण एकट्यानं गरम पाणी घ्यायला मन धजत नाही. सवय नाही.

ता. क. तिसरा, आणि यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो : काम सुरू करण्याआधी मेकॅनिकनं सर्व्हिस कार्ड मागितलं. असं काही कार्ड असतं हेच मला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या खणात, हिनं जपून ठेवलेल्या कागदांत ते सापडलं. वर्षाला एक ओळ. तारीख, झालेलं काम, मेकॅनिकची सही, ग्राहकाची सही. सह्यांच्या जागा रिकाम्या, पण ओळी हिनं पेन्सिलीनं भरलेल्या. पहिल्या वर्षी : "सांगितलं. पुढच्या महिन्यात म्हणाले." दुसऱ्या वर्षी : "सांगितलं. मला कळतं म्हणाले." तिसऱ्या : "सांगितलं. हसले." चौथ्या आणि पाचव्या वर्षी नुसतं "सांगितलं." सहाव्या ओळीत फक्त तारीख आहे, पुढे काही नाही. मेहुणे, उरलेलं मागच्या बाजूला लिहिलं असेल म्हणून मी कार्ड उलटून पाहिलं. बाहेरून मेकॅनिकनं हाक मारली. बाहेर जाऊन पहिलं काम केलं ते त्याला सांगितलं, मघाशी खोटं बोललो, घरात सांगितलं होतं, पाच वेळा सांगितलं होतं. तो म्हणाला, सगळ्या घरांत सांगितलेलं असतं, सर.

यंदाची ओळ मी शाईनं भरली आहे. "काम झालं. हिनं सांगितलं होतं तेच निघालं. वकीलसाहेबांसमोर तिला गप्प बसवलं, ती माझी चूक." ओळीत मावेना म्हणून समासात गेलो. मेकॅनिकनं खाली सही केली, आणि मलाही करा म्हणाला. मी म्हटलं, ग्राहक परगावी आहेत.

कार्ड या पाकिटातच ठेवलं आहे. तुम्ही वाचून दाखवू नका, माझी बाजूही मांडू नका, फक्त तिच्या हातात द्या आणि वहिनींना घेऊन तासभर फिरायला जा. तिनं तिथेच सही करून पाठवलं तरी माझी हरकत नाही. पण गिझर स्वतः सुरू करून, पाणी नीट तापतंय की नाही हे स्वतःच्या हातानं पाहिल्याशिवाय ग्राहकानं सही करू नये, असं कार्डावरच छापलेलं आहे.